कवळीवाल्यांचा रेकॉर्ड प्लेअर

मित्रांनो, माझे झाकण उघडताना जरा जपून. उजवीकडची बिजागरी सैल झाली आहे, वेळेवर आधार दिला नाही तर झाकण बोटांवर आदळते. मी जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा कुणी पाहिलाही नसेल, कारण तुमचे संगीत आता खिशात मावते. मी खिशात मावणाऱ्यांतला नव्हतो. मला उचलायला दोन माणसे लागत, आणि त्यातला एक जण हमखास कंबर धरून खाली बसे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. एका शेडमध्ये सुतारकाम चाले, दुसऱ्या शेडमध्ये तारांचे. माझ्या पोटातल्या तारा ज्या बाईने जोडल्या, ती काम करताना स्वतःशीच गुणगुणत असे. आपले कुणी ऐकत नाही असे तिला वाटे. मग लाकडाला पॉलिश झाले, तबकडी फिरवणारी थाळी बसली, सुईचा दांडा बसला. शेवटी एक म्हातारे तपासनीस आले. त्यांनी माझ्यावर एक रेकॉर्ड ठेवली, डोळे मिटले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "आवाज उबदार आहे. जाऊ दे याला." माझी सारी परीक्षा ती एवढीच. तेव्हापासून मी स्वतःला उबदार आवाजाचा समजत आलो. तुम्हीही तसेच समजा, माझे मन राखण्यासाठी.

मला एका दुकानाच्या काचेत ठेवले. तिथे एक तरुण माणूस कामावरून घरी जाताना रोज थांबायचा. त्याच्या नखांत पांढरे प्लास्टर भरलेले असे. एके दिवशी तो आत आला आणि मला घेऊन गेला. ते माझे मालक. सगळे त्यांना कवळीवाले म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

त्यांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर जबड्याचे माप पाठवत, आणि मेणात एकेक दात बसवून, साचा करून, घासूनपुसून त्यातून हसू तयार करायचे काम यांचे. निम्म्या शहरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात यांच्या हातचे हसू होते. स्वतः मात्र ते फारसे हसत नसत. हसले की समोरच्याचे दात बघत बसत.

त्यांना जॅझचे वेड लागले तेही एका दातापायी. हॉटेलातल्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा एक जण जिन्यावरून पडला आणि त्याचा पुढचा दात गेला. ट्रम्पेटवाल्याचा सगळा जीव त्या पुढच्या दातात. ओठ त्याच्यावर टेकवूनच तो सूर काढतो. कवळीवाल्यांनी त्याला दात करून दिला. तो बसवायचा, त्याने फुंकायचे, मान हलवायची, की पुन्हा काढून घासायचा. असे बरेच दिवस चालले. शेवटी एका संध्याकाळी सूर लागला. त्या लहानशा खोलीत, मेणाच्या वासात, फळीवर मांडलेल्या जबड्यांसमोर त्या माणसाने एक आख्खी धून वाजवली. जाताना तो एक रेकॉर्ड ठेवून गेला. म्हणाला, "ही ऐका, म्हणजे तुम्ही काय दुरुस्त केलंत ते तुम्हाला कळेल." रेकॉर्ड घरात आली, पण ती वाजवायला काही नव्हते. म्हणून मी आलो.

मित्रांनो, त्यानंतर कवळीवाले रेकॉर्डी गोळा करत सुटले. जुन्या सामानाची दुकाने, बंद पडलेल्या हॉटेलांचे माळे, परदेशातून आलेल्यांच्या पेट्या, कुठेही त्यांची नजर फिरे. त्या रेकॉर्डींची कव्हरे काळी-निळी असत. त्यांवर कुणी सॅक्सोफोनवर वाकलेला, कुणी धुरात हरवलेला, कुणाचा नुसता हातच दिसे. कवळीवाले कव्हर आधी हुंगत, मग रेकॉर्ड उजेडात तिरपी धरून ओरखडे बघत. अगदी दातावरची भेग बघावी तसे. त्यांच्या हाती असताना माझ्यावर कधी धुळीचा कण राहिला नाही. एवढी निगा क्वचितच कुणाच्या नशिबी येते, आणि मी तिला सोकावलो होतो हे कबूल करतो.

मग त्यांचे लग्न झाले. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून दिवसभर याची तार त्याला जोडून द्यायची. कुणी रागावलेला, कुणी रडवेला, कुणी उगाच उर्मट. साऱ्या शहराचे बोलणे त्यांच्या कानावरून जाई, पण त्यातले एकही त्यांच्याशी नसे. घरी आल्या की त्या पर्स खुंटीला अडकवण्याआधीच बोलायला सुरुवात करत. "अहो, आज काय झालं माहितेय का," असे त्यांचे रोजचे पहिले वाक्य.

आणि रोज कवळीवाल्यांची रेकॉर्ड चालू असे. ते मान न वळवता एक बोट वर करत. म्हणजे थांब. बाई थांबत. बाजू संपेपर्यंत आज काय झाले ते शिळे होऊन जाई.

रविवारी दोन मित्र येत, एक औषधांच्या दुकानाचा मालक आणि एक छापखानेवाला. खुर्च्या माझ्याकडे तोंड करून मांडलेल्या असत. कुणी बोलायचे नाही असा नियम होता. दोन रेकॉर्डींच्या मधल्या वेळात मात्र कवळीवाल्यांना वाचा फुटे. "जॅझमध्ये धून म्हणजे नुसती खुंटी," ते म्हणत. "वाजवणारा तिच्यावर रोज नवा सदरा टांगतो. आणि एक बोलला की दुसरा उत्तर देतो, बघा. समोरच्याचं ऐकल्याशिवाय यात कुणाला वाजवताच येत नाही." मित्र माना डोलावत. त्याच वेळी बाई चहा घेऊन येत. एकदा कपबशीचा आवाज झाला आणि बोट वर गेले. पुढच्या रविवारपासून बाईंनी ट्रेमध्ये घडी केलेला टॉवेल घालायला सुरुवात केली. त्यांची मुलगी, जिला आजही सगळे छोटी म्हणतात, ती चालायला शिकली तीच मुळी टाचा उचलून. पाहुण्यांना त्याचे मोठे कौतुक. "काय गुणी पोर आहे," म्हणत.

बाईंनी स्वतःच्याही काही रेकॉर्डी आणल्या. त्या वेगळ्याच जातीच्या. खूपशी व्हायोलिने, हळुवार पियानो, मधूनच वीणेसारखा झंकार. कव्हरांवर लांब झग्यातल्या बायका, समुद्रकिनारे, दिव्यांची शहरे. कवळीवाल्यांनी पहिलीच रेकॉर्ड ऐकून तोंड कडू केले. "हे संगीत आहे की साबणाचा फेस? अगं, यात चावायला काही नाहीच. बिनदातांच्या माणसासाठी केलंय हे."

"मग तुमच्या गिऱ्हाइकांना आवडेल की," बाई म्हणाल्या. "आणि तुमचं ते काय? मला तर वाटतं, वाजवताना त्यांची आपसांत भांडणं चाललेली असतात."

तरी कवळीवाल्यांनी भिंतीशी बाईंसाठी एक वेगळे कपाट करून दिले. त्यांच्या जॅझच्या कपाटाच्या निम्मेही नव्हते ते. बाईंच्या रेकॉर्डी कधी लावायच्या, तर कवळीवाले आपल्या रेकॉर्डी पुसायला बसत तेव्हा. त्यांचे हात कामात असत आणि कान मोकळे. व्हायोलिने सुरू झाली की ते चेष्टा सुरू करत, आणि चेष्टा करता करता बोलायला लागत. कुठल्या डॉक्टरने माप चुकवले, कुठल्या आजोबांनी नवी कवळी पेल्यातल्या पाण्यासकट बाहेर ओतून दिली. बाई हसून हसून डोळे पुसत. मग त्या बोलत आणि ते ऐकत. छोटी टाचा टेकवून धावे. मित्रांनो, माझ्यावर थोरामोठ्यांचे संगीत वाजले आहे, पण त्या घरात खरे आवाज ऐकू आले ते त्या साबणाच्या फेसात.

अशी बरीच वर्षे गेली. मग एक दुपार आली.

कवळीवाल्यांना एक रेकॉर्ड फार दिवसांपासून हवी होती. कुठल्याशा लहान क्लबात एकाच बैठकीत मुद्रित केलेली, थोड्याच प्रती निघालेली. ती त्या दिवशी मिळाली. काम टाकून ते घरी आले आणि मला सुरू केले. पहिली बाजू निम्म्यावर असताना दार उघडले. बाई अवेळी घरी आल्या होत्या. पर्स त्यांनी खुंटीला अडकवली नाही. त्या आत येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो."

बोट वर गेले.

त्या खुर्चीत बसल्या. पर्स मांडीवर तशीच. बाजू संपली, कवळीवाले उठले, त्यांनी रेकॉर्ड दोन तळव्यांत अलगद धरून उलटवली. त्यांचे तोंड भिंतीकडे होते. बाईंनी तोंड उघडले होते, पण दुसऱ्या बाजूचा ड्रम सुरू झाला. ती बाजूही संपली. कवळीवाल्यांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "असं वाजवणारा पुन्हा होणे नाही."

"बाबा गेले," बाई म्हणाल्या. "माझे बाबा. आज सकाळी."

कवळीवाले उभेच राहिले. "काय सांगतेस? अगं, मग आल्या आल्या बोलायचंस ना."

"बोलत होते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते असे मला अजूनही वाटते.

त्या छोटीला घेऊन माहेरी गेल्या. कवळीवाले पोहोचवून परत आले. "आई एकटी पडलीय, थोडे दिवस राहते," असे त्या म्हणाल्या होत्या. ते थोडे दिवस लांबत गेले. मग त्यांनी तिथल्याच एक्स्चेंजमध्ये बदली करून घेतल्याचे कळले. भांडण नाही, तंटा नाही, कोर्टकचेरी नाही. एके दिवशी त्यांचा भाऊ टेम्पो घेऊन आला आणि बाईंचे सामान नेले. कपाटातल्या रेकॉर्डीही नेल्या. जाताना तो कवळीवाल्यांना म्हणाला, "भाऊजी, तिला न्यायला तुम्ही याल असं वाटलं होतं मला." कवळीवाले म्हणाले, "ती बोलवील तर येईन ना." मेहुणा टेम्पोत जाऊन बसला.

त्यानंतर त्या घरात शांतता झाली. कवळीवाल्यांना आयुष्यभर हवी होती तशी, अगदी टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी. सुरुवातीला ते रोज एक रेकॉर्ड लावत. मग मधेच जागेवरून उठून स्वयंपाकघरात डोकावत. ज्याच्यासाठी बोट वर करावे असे कुणी उरले नव्हते. छापखानेवाला गाव सोडून मुलाकडे राहायला गेला. औषधवाले तेवढे येत. छोटी सुट्टीत येई, टाचा उचलून चाले आणि बाबा करून देत तो चहा आवाज न करता पिऊन जाई.

मग एकदा जुन्या बाजारातून कवळीवाले एक रेकॉर्ड घेऊन आले. काळी-निळी नव्हती. कव्हरवर हिरव्या झग्यातली पाठमोरी बाई होती आणि पुढे समुद्र. त्यांनी ती माझ्यावर ठेवली आणि खुर्चीत बसले. हात रिकामे. पुसायला काही घेतले नव्हते. व्हायोलिने सुरू झाली. ते चेष्टा करतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी केली नाही.

पुढच्या रविवारी औषधवाल्यांनी ती ऐकली. "हे काय लावलंत?" ते म्हणाले. "केस कापायच्या दुकानात बसल्यासारखं वाटतंय."

"नीट ऐका," कवळीवाले म्हणाले. "मागे तो सॅक्सोफोन आहे ना, तो कोण आहे ते ओळखा. आपण ज्याच्यापुढे डोळे मिटून बसायचो तोच आहे. ही सगळी तीच माणसं हो. पोटासाठी इथे वाजवायची. पण बघा, हात आखडता घेतलेला नाही. इथेही तेवढ्याच मनापासून. फक्त पुढे पुढे करत नाहीत. माणसाला वाट सोडून बाजूने चालतात."

"तुम्ही तर याला साबणाचा फेस म्हणायचात."

"हो. म्हणायचो," कवळीवाले म्हणाले, आणि त्यांनी रेकॉर्ड उलटवून पुन्हा लावली.

त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. बाईंचे कपाट पुन्हा भरायचे. रेकॉर्डींची नावे त्यांना आठवत नव्हती, कारण ती त्यांनी कधी वाचलीच नव्हती. चित्रे मात्र आठवत होती. दुकानदारांना ते सांगत, "बाई पाठमोरी आहे, हातात पेला, मागे दिव्यांचं शहर." दुकानदार म्हणे, "काका, असल्या बायका माझ्याकडे ढिगाने पडल्यात, कुठली हवी?" ते ढिगात बसत आणि एकेक कव्हर बघत. घरी आणलेली रेकॉर्ड चुकीची निघाली की लगेच कळे. सुरुवातीचे सूर ऐकूनच ते मान हलवत. म्हणजे त्या सगळ्या रेकॉर्डी त्यांच्या कानांनी तेव्हा ऐकल्या होत्या तर. त्यांनी फक्त तसे कधी म्हटले नव्हते.

केस पांढरे झाले. हात थरथरायला लागले तसे कवळ्यांचे काम बंद केले. किनाऱ्यावर ठेवलेल्या पांढऱ्या पियानोचे चित्र असलेली एक रेकॉर्ड तेवढी सापडत नव्हती. तिच्यासाठी ते गावोगाव फिरले. शेवटी तीही मिळाली. ती कपाटात ठेवली आणि कवळीवाल्यांनी छोटीला फोन केला. फोन माझ्या शेजारीच होता.

"तुझ्या आईला सांग," ते म्हणाले, "कपाट भरलंय. एकदा येऊन बघ म्हणावं. म्हणजे, तिला जमेल तेव्हा. घाई नाही."

घाई नाही म्हणताना त्यांनी फोनची वायर बोटाभोवती घट्ट गुंडाळली होती.

आणि मित्रांनो, बाई आल्या. छोटी त्यांना हाताला धरून घेऊन आली. आता तिच्याही केसांत पांढरे दिसत होते. "मी जरा बाजारात जाऊन येते," म्हणून ती बाहेर पडली, ते उगाच. बाईंनी खोलीभर नजर फिरवली. कवळीवाल्यांनी त्यांना माझ्यासमोरची खुर्ची दिली आणि पांढऱ्या पियानोची रेकॉर्ड लावली. खुर्ची त्यांनी सकाळपासून चार वेळा पुसली होती. मग ते शेजारी बसले आणि डोळे मिटले. अगदी तसेच, जसे ते थोरामोठ्यांच्या जॅझपुढे बसत.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "अहो, तब्येत बरी असते ना तुमची?"

"थांब," कवळीवाले डोळे न उघडता म्हणाले. "आता व्हायोलिनं येतील बघ. ऐक."

बाई थांबल्या. त्यांनी नंतर सबंध बाजूभर माझ्याकडे पाहिलेच नाही. त्या त्यांच्याकडे पाहत होत्या. रेकॉर्ड संपली. सुई शेवटच्या रेषेत जाऊन टकटक करू लागली.

"एकही सुटलेली नाही," कवळीवाले म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "तुझ्या सगळ्या आहेत. तुला आवडायच्या त्या सगळ्या."

बाईंनी खुर्ची थोडी सरकवली. आयुष्यभर हेडफोन लावून त्यांचा एक कान कामातून गेला होता. चांगला कान त्यांनी कवळीवाल्यांच्या बाजूला केला.

"माझ्याकडच्या मी केव्हाच देऊन टाकल्या," त्या म्हणाल्या. "मला त्या फारशा आवडायच्या नाहीत हो. ठीक होत्या. पण त्या लागल्या की तुम्ही बोलायचात माझ्याशी. चेष्टा का होईना. तेवढ्यासाठी लावायचे मी."

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला फक्त टकटक येत होती, ती मी करत राहिलो. सुई शेवटच्या रेषेत ताटकळत ठेवणे कवळीवाल्यांना कधी खपले नव्हते. सुई झिजते, रेकॉर्ड झिजते. पण ते उठले नाहीत. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि नजर त्या हातांवर.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "त्या दिवशी काय झालं होतं गं? तुझे बाबा गेले त्या दिवशी. मी कधी विचारलंच नाही."

मग बाईंनी सांगितले. त्या दिवशी त्या एक्स्चेंजच्या बोर्डावर होत्या. त्यांच्या गावाहून कॉल आला. नेहमीप्रमाणे त्यांनी विचारले, "कोणता नंबर हवाय?" पलीकडे त्यांचा भाऊ होता. त्याने आवाज ओळखला नाही. घाईघाईने म्हणाला, "बाई, माझ्या बहिणीला निरोप द्यायचाय, ती तिथेच कामाला आहे. तिला म्हणावं, वडील गेले." बाई म्हणाल्या, "सांगते." त्यांनी तार काढली. समोर दुसऱ्या कॉलचे दिवे लागले होते, त्यांनी त्याही तारा जोडून दिल्या. मग उठल्या आणि घरी आल्या. "वाटेत मी मनातल्या मनात जुळवत होते," त्या म्हणाल्या, "की तुम्हाला कसं सांगायचं. म्हणजे तुम्हाला एकदम धक्का बसायला नको."

कवळीवाल्यांनी तोंडावर हात धरला. लहान मुलासारखे रडले ते. बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. काही वेळाने कुणीतरी काहीतरी म्हणाले, दुसऱ्याने उत्तर दिले, आणि बोलणे सुरू झाले. बाबांचे झाले, छोटीचे झाले, बंद पडलेल्या एक्स्चेंजचे झाले. पेल्यातल्या पाण्यासकट कवळी ओतणाऱ्या आजोबांचेही झाले, आणि बाई पूर्वीसारख्याच डोळे पुसत हसल्या. छोटी बाजारातून आली आणि दारातच उभी राहिली. खोलीत अंधार पडायला लागला होता, दिवा कुणी लावला नव्हता, मी टकटक करत होतो आणि तिचे आईवडील बोलत होते. ती पुन्हा बाहेर गेली.

निघताना कवळीवाले म्हणाले, "पुन्हा ये."

"येईन की," बाई म्हणाल्या. "आता काही लावू नका म्हणजे झालं."

कवळीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी खुर्च्या फिरवल्या. माझ्याकडे पाठ करून, एकमेकींसमोर मांडल्या. मला राग आला नाही. पुढच्या महिन्यात यायचे ठरले होते. त्यांनी बाईंना सांगायच्या गोष्टी मोठ्याने बोलून बघायला सुरुवात केली. दाढी करताना, चहा उकळताना, सारखे आपले "अगं, आज काय झालं माहितेय का." असे वाक्य त्या घरात पूर्वी एकच माणूस बोलत असे.

यायच्या दिवसाच्या थोडे आधी फोन वाजला. छोटी होती. मला पलीकडचे शब्द ऐकू आले नाहीत. कवळीवाले म्हणाले, "दुपारी? झोपेतच गेली?" मग म्हणाले, "तू बोल बाळ. मी ऐकतोय. तू बोल." आणि ते ऐकत राहिले. छोटी बोलायची थांबली, नुसती रडत राहिली, तरी त्यांनी फोन ठेवला नाही. आणि मग ते बाईंच्या गावी गेले.

परत आले तेव्हा ते फार म्हातारे झाले होते. कितीतरी दिवस माझे झाकण उघडले गेले नाही. जॅझच्या रेकॉर्डी त्यांनी औषधवाल्यांना देऊन टाकल्या. ट्रम्पेटवाल्याने दिलेली तेवढी ठेवली. बाईंचे कपाट होते तसे आहे.

आता ते मला अधूनमधून लावतात. छोटी दर आठवड्याला येते. तिने "बाबा" म्हटले की सूर कुठेही असो, ते लगबगीने येतात आणि सुई उचलतात. थरथरत्या हाताने उचलताना ती घसरते आणि रेकॉर्डवर ओरखडा पडतो. एकेकाळी उजेडात तिरपी धरून बघणारे हेच ते डोळे. आता त्यांना ओरखड्याचे काही वाटत नाही. दूधवाला आला, शेजारीण काही मागायला आली, नळ दुरुस्त करणारा काही विचारू लागला, तरी सुई वर. "बोला," ते म्हणतात, आणि समोर बसून शेवटपर्यंत ऐकतात. नळवाल्याने एकदा आपल्या सासूची सगळी कहाणी सांगितली. ते उठले नाहीत.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंची निगा राखा. आम्हाला धूळ सोसत नाही, ऊन सोसत नाही, सैल बिजागरी वेळेवर आवळावी लागते. हे सगळे तुम्ही कराल याची मला खात्री आहे. एवढे मात्र माझ्याकडून ऐकून ठेवा. तुमच्या कानात काहीही वाजत असो, जगातले सर्वांत सुंदर का असेना, पण घरात कुणी "अहो" म्हणाले, "अगं" म्हणाले, "ए आई" म्हणाले, तर ते आधी थांबवा. संगीत कुठूनही पुन्हा सुरू करता येते. मी इतकी वर्षे तेच करत आलो आहे.

काल संध्याकाळी घरात कुणीच नव्हते. व्हायोलिने चालू होती. कवळीवाले एकदम खुर्चीतून उठले आणि त्यांनी सुई उचलली. "काय म्हणालीस?" त्यांनी विचारले. दांडा बोटात धरून ते स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत तसेच उभे राहिले. माझी थाळी मुकाट फिरत होती. त्यांनी पुष्कळ वेळ वाट पाहिली.

मग सुई खाली ठेवली, भलत्याच ठिकाणी, आणि ते जाऊन बसले.